पहिल्या मुशीतले देव

माझी मुलगी हर्षाली हिला आमच्या कंपनीचा इतिहास हवा होता, तोही चार मिनिटांत. वेबसाइटवर टाकायचा म्हणे. पुण्याहून कॅमेरावाला बोलावला, मला इस्त्रीचा शर्ट घालायला लावला आणि मालाच्या ढिगापासून लांब, कडुलिंबाखाली खुर्ची टाकून बसवलं. मी म्हटलं, अगं बाई, आपण भंगारवाले, ढीग दिसू दे की मागं! तर म्हणे, "पप्पा, भंगार म्हणू नका. रिसायकलिंग म्हणा." आयुष्यभर ज्याच्यावर जेवलो त्याचं नाव घ्यायची चोरी! डोकं तापलं माझं. पण सगळा कारभार आता तिच्या हातात, आणि ती तो माझ्यापेक्षा बरा करते हेही खरं, म्हणून गप बसलो.

कॅमेरावाला म्हणाला, "गोरक्ष सर, सुरुवातीपासून सांगा. जरा हसून."

मी सांगायला लागलो. माझे वडील सहादू चांदवडकडचे. कोरडवाहू तुकड्यात भागेना म्हणून नाशकात आले आणि अंबडला एक हातगाडी भाड्यानं घेऊन मोडकं पितळ गोळा करायला लागले. घरामागं खड्डा खणून भट्टी केली, धातू वितळवायची मूस आणली. त्या पितळाच्या ते बैलांच्या घंटा ओतायचे. पोळा जवळ आला की सिन्नर-निफाडचे शेतकरी आमच्या दारात येऊन घंटा कानाशी वाजवून बघायचे, आणि मी शाळा बुडवून वाळूचे साचे भरायचो. पुढं ट्रॅक्टर आले, बैल कमी झाले, घंटा कुणी विचारीना. वडिलांनी भट्टी काही बंद केली नाही. पितळाच्या विटा ओतून नळ बनवणाऱ्या कारखान्यांना द्यायला लागले, आणि त्यातून आजची ही कंपनी उभी राहिली.

एवढं बोलतोय तोच फाटकातून आरोळी आली. "भट्टी बंद करा! आरं, भट्टी बंद करा आधी!"

बघतो तर एक म्हातारी, पदर कमरेला खोचलेला, वॉचमनला ढकलून आत येतेय. मागं चाळिशीतली एक बाई, रडून रडून डोळे सुजलेले. कॅमेरावाल्यानं वैतागून माझ्याकडं पाहिलं. मी म्हटलं, "अहो आजी, झालं काय? कुणाचं बोट कापलं का काय?"

"माझे देव हायेत तुमच्या भट्टीत," म्हातारी म्हणाली आणि धापा टाकत तिथंच मातीत बसली.

तिला पाणी दिलं. श्वास जरा खाली आल्यावर सगळं कळलं. साळूबाई नाव, सायखेड्याच्या. सोबतची त्यांची सून, पल्लवी. पल्लवीच्या मुलीचं, सृष्टीचं, रविवारी लग्न आणि परवा घरी जागरण-गोंधळ. त्यांच्या घराचा पुढचा भाग वर्षभर बांधायला काढला होता. बांधकाम चालू असताना देव्हारा उघडा ठेवत नाहीत, म्हणून साळूबाईंनी देवांचे टाक लाल फडक्यात गुंडाळले, पितळेच्या, फिरकीचं झाकण असलेल्या तांब्यात तांदूळ भरून त्यात ते ठेवले, फिरकी घट्ट आवळली आणि तांब्या माळ्यावर ठेवून दिला. टाक म्हणजे देवाचा ठसा उठवलेली बोटभर धातूची पत्री. पितळेचे तीन होते. खंडोबा, सप्तशृंगी, आणि घरातला वीर, म्हणजे साळूबाईंचा तरुणपणी गेलेला चुलत सासरा.

आता त्यांच्या घरची रीत अशी, की हलवलेल्या देवांची जागा एकाच माणसाला ठाऊक असायची. दुसऱ्याला सांगायची नाही, नवऱ्यालासुद्धा नाही. साळूबाईंनी रीत पाळली. पल्लवीला वाटलं, देव सासूबाईंच्या पेटीत आहेत. लग्नाचे पाहुणे येणार म्हणून तिनं माळा साफ करायला घेतला आणि जुनं पितळ गावातल्या पुंजाराम भंगारवाल्याला देऊन टाकलं. त्यात तो तांब्याही गेला. आज सकाळी साळूबाई देव खाली काढायला माळ्यावर चढल्या, तर माळा धुऊनपुसून लख्ख.

पुंजाराम माल आम्हालाच देतो, हे त्याच्या घरी विचारून दोघी तडक इकडं आल्या होत्या. मी त्याला फोन लावला. "पुंजा, सायखेड्याच्या त्या पितळात फिरकीचा तांब्या होता का रे?"

"होता ना शेठ. फिरकी लय जाम झाली व्हती. मंग घण घालून चेपला. तांदूळ सांडले ते कोंबड्यांना टाकले."

"आणि आत काय होतं?"

"चिंधीचा बोळा व्हता कसला तरी. तो तसाच चेपला गेला."

"अरे गाढवा, चिंधी उघडून बघायला काय तुझे हात मोडले होते?" माझा आवाज एवढा चढला की भट्टीवरचा काळू काम सोडून धावत आला. पुंजाराम पलीकडून शेठ शेठ करत राहिला, मी फोन ठेवला.

त्याला शिव्या घातल्या खऱ्या, पण त्याचा तरी काय दोष? पोत्यात जास्त माल बसावा म्हणून गावोगावचे सगळेच भंगारवाले भांडी चेपतात. आमच्याकडं मात्र वडिलांपासून एक रीत आहे. भंगारात देव आला तर तो काट्यावर चढत नाही. लोक जुनी भांडी देताना चुकून देवही देऊन बसतात. वडील ते बाजूला काढायचे आणि धुऊन ऑफिसातल्या फळीवर ठेवायचे. कुणी शोधत आला तर एक शब्द न विचारता परत. न आलेल्यांचे अजून तिथंच आहेत, संध्याकाळी त्यांच्यापुढं दिवा लागतो. काळू मूळचा पेठचा, पंचवीस वर्षं आमच्याकडं. ढिगातला देव त्याच्या नजरेतून सुटत नाही. पण चेपलेल्या पितळाच्या घडीत अडकलेला देव कुणाला दिसणार?

"काळू, सायखेड्याचं पोतं कुठं आहे?"

काळू जागचा हलेना. मग हळू आवाजात म्हणाला, "शेठ, चेपलेला माल लवकर वितळतो म्हणून तेच पहिल्या मुशीत घातलं. चिंधी जळल्यासारखा वास आला होता. मला वाटलं पोत्याचा तुकडा असेल."

साळूबाईंनी ते ऐकलं. तरी त्यांनी उरलेला सगळा ढीग उपसायला लावला. एखादं भांडं मागं राहिलं असेल, कुणास ठाऊक! आम्ही सगळेच लागलो. हर्षालीनं ओढणी कमरेला बांधली आणि तीही बसली. पल्लवी पुढं आली तशा साळूबाई कडाडल्या, "तू हात लावू नको. लय केलंस तेवढं पुरे!" ती बिचारी मागं सरली आणि पाण्याच्या टाकीला टेकून उभी राहिली. कॅमेरावाला शूटिंग करत होता. मी त्याला काही बोलणार तेवढ्यात हर्षालीच ओरडली, "बंद करा ते आधी!" बरं वाटलं मला.

सायखेड्याच्या पितळाचं एक भांडंसुद्धा मागं राहिलेलं नव्हतं. सगळं पहिल्या मुशीत गेलं होतं आणि त्या मुशीच्या विटा भट्टीशेजारी निवत पडल्या होत्या.

साळूबाई विटांपाशी जाऊन बसल्या. रडल्या नाहीत. नुसत्या बघत राहिल्या. इतकी वर्षं या धंद्यात आहे, किती लोकांचे संसार किलोवर घेतले असतील. मोडक्या शिलाई मशिनी, पाळण्याच्या साखळ्या, सगळं घेतलं. कधी असं चोरी केल्यासारखं वाटलं नव्हतं.

"आजी," हर्षाली खाली बसून म्हणाली, "मी सराफाकडून चांदीचे टाक करून देते. आजच्या आज. सगळा खर्च कंपनीचा."

"चांदीचे कशाला, बाई? मला माझे पाहिजेत. माझ्या सासूनं ते माझ्या पदरात घातले. तिच्या सासूनं तिच्या. आता सृष्टीचं कन्यादान करायचं आणि घरातले देव कुठं, तर नळाच्या कारखान्यात? काय तोंड दाखवू मी?" मग माझ्याकडं वळल्या. "शेठ, कंच्या विटेत हायेत?"

"आजी, तसं सांगता येत नाही. मीठ पाण्यात विरघळतं ना, तसे झालेत. सगळ्याच विटांत थोडे थोडे."

त्या विटांकडं बोट करून म्हणाल्या, "मंग सगळ्या विटांतलं थोडं थोडं द्या कापून. आमच्या गावचा सोनार त्याचे नवे टाक ठोकून देईल. जुने झिजले की तसंच करत्यात. जुन्यांचं नव्यात घालत्यात."

सुटका झाली असं वाटायला हवं होतं. पण मी धंद्यातला माणूस, मला पुढचं दिसत होतं. गप्प राहून चार तुकडे कापून दिले असते तर बाई समाधानानं गेली असती आणि उद्या सोनाराच्या ऐरणीवर तिचे देव परत फुटले असते. तसं करवेना.

"आजी, खरं सांगू का? या विटांत निम्मे जुने नळ आहेत. नळाच्या पितळात शिसं असतं. ते हातोडीखाली येत नाही, पत्री करायला गेलं की तडकतं. सोनार हात जोडेल तुम्हाला."

"म्हंजे व्हणारच नाय?" त्यांचा आवाज पहिल्यांदा फुटला. टाकीपाशी पल्लवीनं पदर तोंडाला लावला.

व्हणारच नाय, हे म्हणायला माझी जीभ वळेना. ठोकून होत नाही ते ओतून होतं, एवढं तर मला लहानपणापासून ठाऊक! नाहीतर एवढ्या घंटा काय हवेत झाल्या होत्या? मी म्हटलं, "ठोकायचे नाहीत. ओतायचे. इथंच, आत्ता. मी ओततो."

हर्षाली माझ्याकडं बघतच राहिली. "पप्पा, तुम्ही शेवटचं कधी ओतलंय?"

"तुझ्या जन्माच्या आधी. चल, वाळू चाळायला घे."

पण साचा म्हटलं की त्यात दाबायला नमुना हवा. देवाचा नमुना कुठून आणणार? मी ऑफिसात गेलो, फळीवरच्या देवांना हात जोडले आणि तीन टाक उचलले. घोड्यावरचा खंडोबा, अठरा हातांची देवी आणि कुणाचा तरी वीर. साळूबाईंना दाखवले तशा त्या हात मागं घेऊन म्हणाल्या, "ना बाबा. दुसऱ्याचा वीर माझ्या घरात नको. त्याची माणसं त्याला शोधत असतील."

"तो कुठं येतोय तुमच्या घरी? तो इथंच राहणार, फळीवर. त्याचा नुसता ठसा घ्यायचा वाळूत. धातू तुमच्या देवांचा."

"ह्याला मिशा हायेत. आमच्या वीराला मिसरूड फुटलं नव्हतं. कवळा व्हता तो."

"मग मिशा मी वाळूतच बुजवतो. झालं?"

साळूबाईंनी तिन्ही टाक ओळीनं पाटावर ठेवायला लावले. कमरेच्या पिशवीतून हळदीकुंकू काढून त्यांना लावलं आणि त्या परक्या देवांना म्हणाल्या, "घटकाभर मदत करा, बाबांनो. तुमची माणसंबी येतील." मला वाटतं, त्या फळीवरच्या देवांशी इतकं प्रेमानं याआधी कुणी बोललं नसेल.

काळूनं सगळ्या विटांचे कोपरे कापून लहान मुशीत घातले आणि भट्टी परत पेटवली. मी इस्त्रीचा शर्ट काढून फेकला आणि बनियनवर बसलो. बारीक वाळूत काकवी आणि पाणी मिसळलं, मुठीत दाबून बघितलं. मूठ उघडल्यावर गोळा तसाच राहिला पाहिजे. राहिला. लाकडी चौकटीत वाळू भरली, टाकांना राख चोळली आणि एकेक करून पालथे दाबून अलगद उचलले. हर्षाली चौकट धरून बसली होती. चौकट जरा हलली तसा मी खेकसलो, "नीट धर, घोड्याचं शेपूट जाईल!" तीही म्हणाली, "मग तुम्ही ओरडू नका, मी दचकते!" काळू गालात हसला.

वाळू बसेपर्यंत पल्लवी हळूच हर्षालीजवळ आली. "ताई, मला कुणी सांगितलंच नव्हतं हो," ती म्हणाली. "वीस वर्षं झाली या घरात. तांब्यात देव हायेत एवढं जरी कळलं असतं, तर मी डोक्यावर धरून खाली आणला असता." मग ती परत टाकीपाशी जाऊन उभी राहिली. साळूबाई पाठमोऱ्या बसल्या होत्या. त्यांना ऐकू गेलं, हे त्यांच्या मानेवरून कळत होतं.

पहिला ओत फसला. धातू पुरता तापला नव्हता आणि माझा हातही जरा अडखळला. वाळू फोडली तर खंडोबा अर्धाच, देवीचे निम्मे हात भरलेच नव्हते. मी खाली मान घालून बसलो. वडील असते तर डोक्यात टपली मारून म्हणाले असते, घाई कसली रे तुला? साळूबाईंनी ते अर्धे तुकडे उचलून कपाळाला लावले आणि माझ्या हातात दिले. "घाला परत मुशीत. माझं पहिलं पोरबी पोटातच गेलं व्हतं. दुसऱ्यांदा झालं सगळं नीट."

पुन्हा साचे भरले. या वेळी धातू लालभडक, पाण्यासारखा पातळ होईपर्यंत काळूला थांबवलं. वर आलेली मळी पळीनं काढली, मूस उचलली आणि श्वास रोखून एका धारेत ओतलं. मध्ये थांबलो नाही. कॅमेरावालासुद्धा हात जोडून उभा होता, आता त्याला घरचं कोण आठवलं देव जाणे.

निवेपर्यंत चहा झाला. मग मी वाळू फोडली. तिन्ही निघाले, अख्खे. काळपट होते. काळूनं चिंच लावून घासले तसं पिवळं तेज आलं. पत्रीसारखे पातळ नव्हते, चांगले जाडजूड, खाऊनपिऊन सुखी दिसत होते. वीराच्या मिशा गेल्या होत्या, चेहरा अगदी पोरसवदा. खरं सांगतो, मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

साळूबाईंनी एकेक तळहातावर घेतला. उलटा केला, सुलटा केला, उजेडाकडं धरला. बराच वेळ बघत होत्या.

"वळखीचे नाय वाटत," त्या म्हणाल्या.

मी म्हटलं, "आजी, मला जेवढं जमलं तेवढं..."

त्यांनी हातानंच मला थांबवलं. गुडघ्यावर हात देऊन उठल्या आणि तिन्ही देव मुठीत घेऊन पाण्याच्या टाकीकडं गेल्या. पल्लवी टाकीला आणखीच चिकटली.

"रडू नको," साळूबाई तिला म्हणाल्या. "तू आलीस तव्हा तू तरी कुठं वळखीची व्हतीस? पदर धर."

पल्लवीनं पदर पसरला. साळूबाईंनी तिन्ही देव त्यात ठेवले आणि सुनेच्या कानाशी वाकून म्हणाल्या, "देव्हाऱ्यात तूच बसव. आणि इथून पुढं हलवायचे झाले तर कुठं ठेवायचे, ते आता तुला ठाऊक पाहिजे. माझं वय झालं."